मान वाकडी, रिपोर्ट सरळ

रिकामा सुभेदार घरात बसला म्हंजे काय हुतं, ते मला इचारा. एका सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर मसाल्याचं डबं उंचीपरमानं रांगंत हुभं. मोठं उजवीकडं, धाकटं डावीकडं. हळद पायजे तर आधी तिचा नंबर कितवा ते इचारायचं. मी भांडी घासाया बसले, तर ह्ये दारातनं वरडलं, "झारा गैरहजर हाय!"

"झारा पान्यात भिजतोय," म्या म्हनलं. "आजारी हाय म्हना. आन् तुमी हितनं हालता, का मी बी आजारी पडू?"

ह्ये म्हंजे आमचं मालक, हंबीरराव. फौजेतनं सुभेदार म्हनून सुटून आलं, साताऱ्यात गोडोलीला घर बांधलं, तवापासनं त्यांच्या हाताखाली मी अंबूबाई एकटी पलटन. तरी बरीच वर्सं निवांत गेली. त्येला कारन एक खेळ. सांज झाली की ह्ये कॉम्प्युटरम्होरं बसायचं, ते जेवाया हाक मारली की उठायचं. मधला येळ माजा. मी देवळात जायची, शेजारनीकडं बसायची, न्हाईतर नुसतीच पाय पसरून बसायची. त्यो खेळ बंद पडला आन् माज्या सुखावर धाड आली.

खेळाचं नाव ‘कळप’. बनवला अमृतनं. अमृत म्हंजे आप्पासोंचा थोरला ल्योक. आन् आप्पासो म्हंजे, कसं सांगू, आमच्या सुभेदारांचा फौजेतला जीव. कवठे महांकाळचं मानूस, वाडवडलांपासनं मेंढरं राखनारं घर. दोघं एकाच दिवशी भरती झालं, एकाच तंबूत राहिलं, आन् एकाच पदावर सुटलं. अमृत सांगलीत कॉम्प्युटरच्या नोकरीत हाय. घरची मेंढरं बगून त्येनं ह्यो खेळ रचला आन् नेटवर मोकळा सोडून दिला. कुनीबी घ्या, आतलं यंत्र उघडून बगा, पायजे तसं बदला, कुनाला इचारायची गरज न्हाई. त्येला ओपन सोर्स म्हनत्यात म्हनं. आमच्याकडं त्येला उघड्यावरची पंगत म्हनत्यात.

खेळात दोन गडी लागत्यात. एकानं मेंढरं हाकायची, दुसऱ्यानं काठी घिऊन लांडगं पळवायचं, आन् अंधार पडायच्या आत समदा कळप मेंढवाड्यात घालायचा. आप्पासो तिकडनं कवठे महांकाळात बसून मेंढरं हाकायचं, आमचं सुभेदार हिकडनं लांडग्याच्या मागं. कानाला फोन लावून दोघांची वरड.

"डावीकडं बग रं!"

"बगतोय की रं! तू तुजं कोकरू सांभाळ!"

रस्त्यानं जानाऱ्याला वाटावं, हितं मुडदा पडतोय. पन म्या कवा अडवलं न्हाई. साठीच्या म्होरं गेलेली दोन मानसं दिसातनं एकदा पोरं हुत्यात, हूं देत.

मंग एक दिस ह्यांच्या कॉम्प्युटरवर पाटी आली, ‘तुमची पेन्शन वाढली, हितं दाबा.’ ह्यांनी दाबलं. काय हुईना म्हनून परत दाबलं. मंग बोट दुखंपातूर दाबत बसलं. त्याच सांजंला, ऐन खेळात, लांडगं तोंडाशी आलेलं, आन् कॉम्प्युटरनं मान टाकली. सुभेदारांनी फोन फेकला आन् कॉम्प्युटरच्या पाठीत बुक्क्या घालाया सुरुवात केली. तिकडं आप्पासोंना काय दिसलं? काठीवाला गडी गायब, फोन कट, आन् आख्खा कळप लांडग्यांनी फस्त केलेला.

थोड्या येळानं फोन वाजला. आप्पासोंचा आवाज पार चुलीपातूर ऐकू आला.

"हंबीर! मैदान सोडून पळालास!"

"आरं, यंत्र मेलं!"

"यंत्राचं निमित्त सांगू नगंस. काल तुज्यापायी मेंढरं गेली म्हनून बोललो, त्येचा राग काढलास. पळपुट्या!"

सुभेदाराला पळपुट्या! ह्यांचं तोंड असं झालं की मी तव्यावरची भाकरी इसरले. ह्यांनी फोन ठेवला आन् हुकूम सुनावला, "आता त्येच्याशी बोलीन ते मैदानातनंच. तोवर फोन न्हाई." अमृतनं बापाला लय समजावलं. पन आप्पासोंचं एकच, मर्दानं मैदानात येऊन दावावं. दोघं बी हेकट. एकाला झाकावं आन् दुसऱ्याला काढावं.

आन् तवापासनं सांज झाली की सुभेदार माज्या स्वयंपाकघरात. आज डब्यांची कवायत, उद्या चमच्यांची हजेरी. एकदा तर मंडईत भाजीवालीला म्हनालं, "मेथी नीट लायनीत लाव." मला तितनं कोथमीर न घेताच पळावं लागलं.

आमची लेक संयोगिता, एमआयडीसीतल्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करती. तिनं यंत्र खोलून बगितलं आन् आधी बापाला झापलं.

"आबा, आता ह्येच्यावर विंडोज नगं. जुनी हाय तिचे दिस भरले, नवी ह्या म्हाताऱ्या यंत्राला पेलायची न्हाई. मी लिनक्स टाकते. हलकं हाय, फुकट हाय, आन् पेन्शनच्या पाटीला भुलत न्हाई."

यंत्र जितं झालं. सुभेदारांनी हात चोळलं. पन ‘कळप’ कुटंच दिसंना. त्यो खेळ विंडोजसाठी बनवलेला, लिनक्सवर त्यो उभाच ऱ्हाईना.

"मंग हिकडनं उचलून तिकडं ठिव की," म्या म्हनलं.

"गाठोडं हाय का आई ते?" संयोगिता म्हनाली. "लेक सासरी धाडल्यासारखं हाय. माहेरी तिला समदं हातासरशी मिळत हुतं. रंग कुटं, आवाज कुटं, कोन काय देतं, समदं ठावं. सासरी परत्येक वस्तू येगळ्या जागी आन् मागायची रीत बी येगळी. समदं नव्यानं शिकवून न्यावं लागतंय."

"मंग सासूशी गोड बोल आधी."

"तेच करतीया. सासू काळ्या पडद्यावर इंग्रजीत शिव्या हासडतीया."

रोज कंपनीतनं आली की पोरगी हातपाय धुऊन बसायची. रविवारचा तर उठायची न्हाई. जे दुरुस्त हुईल ते अमृतला धाडायची, अमृत तिकडनं बगून खेळात घालायचा. हळूहळू तिच्या सोताच्या लॅपटॉपवर मेंढरं चालाया लागली. मला दावली. चांगली गुबगुबीत हुती.

"पन माज्याकडं चालून काय उपेग?" ती म्हनाली. "आबांच्या यंत्रावर कुनीतरी रोज खेळून बगाया पायजे, सरावाला एकटा गडी बी चालतोय. कुटं अडतंय, काय बिघडतंय ते मला सांगाया पायजे. मी घरी येते तवा माज्यात जीव नसतोय."

ऐकलं मात्र, आन् सुभेदार उठून हुभं ऱ्हायलं. इतक्या दिसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"मानसं म्या देतो," म्हनालं.

आमच्या गल्लीत तीन घरं सोडली की एक फौजी. कृष्णात फौजेत गाडी चालवायचं, नानासो लंगरात स्वयंपाकाला हुतं, सिद्धू वायरलेसवर. तिघं बी पदानं आमच्या मालकांच्या खाली. दुसऱ्या सांजंला तिघं अंगनात रांगंत हुभं. दाढी केलेली, बूट चमकवलेलं.

"सावधान! ही मोहीम कळप," सुभेदार म्हनालं. "एकेक जवान आत जाईल, खेळ खेळंल, बाहीर येऊन रिपोर्ट दील. समजलं?"

"जी साब!"

मंग रोजचंच झालं. एकेक जन आत जायाचं, बराच येळ बसायचं, बाहीर येऊन टाचा जुळवायचं.

"रिपोर्ट?"

"सब ठीक है, साब!"

तिघांचं झालं की सुभेदार सोता आत. बाहीर आलं की जेवताना लेकीला सांगायचं, "तिन्ही जवान, सब ठीक. मी बी बगितलं. सब ठीक." संयोगिता खुश. आमच्या घरात च्याची पातेली वाढली, पन डबं रांगंतनं सुटलं, म्हनून मी बी खुश.

ह्या ‘सब ठीक’ची माजी जुनी वळख हाय बरं का. ह्ये सरहद्दीवर हुतं तवा फोन कोपऱ्यावरच्या दुकानात यायचा. मी पिठाच्या हातानं पळत जायची. कानाला लावलं की तिकडनं एकच, "सब ठीक है." बायकोशी बी हिंदीत! एकदा असंच लय खनखनीत आवाजात ‘सब ठीक’ आलं, मी देवाला साखर ठेवली. मागनं आप्पासो सुट्टीवर आलं, भेटाया आलं, आन् बोलता बोलता म्हनालं, "वैनी, तवा हंबीरचा पाय पलिस्तरात हुता. इस्पितळातनंच बोलत हुता. फोन म्या धरलेला." मी मंग दुकानातनं बोलावनं आलं तरी गेले न्हाई. घरी आल्यावर भांडले, तर ह्ये म्हनालं, "तुला उगंच कशाला ताप?" आवं, ताप घ्यायलाच तर लगीन केलं ना म्या!

असो. तर मोहीम चालली हुती. आन् एक दिस च्या दिताना बगितलं, नानासोंची मान डाव्या खांद्याकडं कललेली.

"काय झालं ओ भावजी?"

"काय न्हाई वैनी, गार वारं लागलं."

चार दिसांनी कृष्णात वाकडं. म्हनालं, गाडीवर बसून धरली. मंग सिद्धू. म्हनालं, झोपेत अवघडली. आन् मंग एका सकाळी आमचं सुभेदार बिछान्यात उठून बसलं, तर कान खांद्याला टेकलेला.

"उशीनं झालं," म्हनालं.

मी उशी उसवली. कापूस काढला, पिंजला, गच्चीत उन्हात घातला, परत भरली. मान तशीच. मंग तिळाचं त्याल, मंग मलम, मंग विटंचा शेक. शेजारनीला म्हनलं, "बाई, गल्लीत मानंची साथ आलीया, फक्त बापय मानसांना धरती." ती म्हनाली, निरगुडीचा काढा द्या. म्या निरगुडीचा काढा केला, पातेलंभर, आन् चौघांना रांगंत बसवून पाजला. फौजेत असं कडू कवा प्याले नसतील. तरी चौघं म्हनालं काय? "सब ठीक है, वैनी."

शेवटी संयोगितानं सांगितलं, मोहीम फत्ते, आता खेळा. सुभेदारांनी अमृतमार्फत आवतान धाडलं, रविवारी दुपारी मैदानात ये. तिकडनं उत्तर आलं, "लांबनं न्हाई. सोता येतो. समोर बसून बगतो कसलं यंत्र हाय ते."

रविवारी एसटीनं आप्पासो आन् त्यांची कारभारीन हरणाबाई दारात. आप्पासोंच्या काखंत अमृतचा लॅपटॉप, हरणाबाईच्या डोक्यावर बाजरी आन् हुलग्याचं गाठोडं. आमी बाया गळ्यात पडलो. गडी मात्र एकमेकाकडं बगंनात.

"अंबूवैनी," आप्पासो म्हनालं, "तुमच्या मालकांना सांगा, पानी पायजे."

"हरणावैनी," आमचं सुभेदार म्हनालं, "तुमच्या मालकांना सांगा, तांब्या म्होरंच हाय."

"वैनी, मालकांना इचारा, मान का वाकडी? अजून तोंड फिरवूनच बसल्यात व्हय माज्यापासनं?"

"वैनी, त्यास्नी सांगा, उशीनं झालं."

हरणाबाई माज्या कानात म्हनाली, "दोन्ही बोकडं सारकीच." म्या म्हनलं, "तुजं जरा बरं हाय, तुजं उन्हात तरी चरतंय."

तरी ह्ये रातचं उठून बसायचं, आन् काय झालं म्हनलं तर काय न्हाई. म्या वळखलं हुतं, आज जर ह्यो खेळ फसला आन् आप्पासो तसंच एसटीत जाऊन बसलं, तर ही दोस्ती मेली. म्हातारपनी दुसरी करायला येळ नसतोय.

कॉम्प्युटरम्होरं नारळ फुटला. पानी कीबोर्डवर पडू नये म्हनून कृष्णातनं आपली टोपी खाली धरली. सुभेदार खुर्चीवर बसलं. आप्पासो दुसऱ्या बाजूला लॅपटॉप उघडून. कृष्णात, नानासो, सिद्धू मागं हुभं. आमी दोघी दारात. सुभेदारांनी बटन दाबलं, आन् पडद्यावर उजेड झाला.

त्याच दमाला सुभेदार आन् तिन्ही जवान, चौघांच्या माना एकदम डावीकडं कलल्या. अशी कवायत मी सव्वीस जानेवारीला बी बगितली न्हाई.

"आगं बया बया!" हरणाबाई वरडली. "मेंढरं पालथी का ग टांगल्यात? पाय आभाळाला लावून चालल्यात की!"

म्या म्होरं हून बगितलं. वर गवत, खाली ढग. मेंढरं वटवाघळागत वरनं लोंबत चाललेली, चरत बी हुती. मेंढवाडा उलटा. लांडगा उलटा.

संयोगिता आतनं पळत आली. तिनं पडदा बगितला, मंग चार माना बगितल्या.

"आबा, ह्ये कवापासनं असं हाय?"

"पहिल्या दिवसापासनं, ताई," सिद्धू टाचा जुळवून म्हनालं.

"मंग सांगितलं का न्हाई?"

"साबांनी रिपोर्ट मागितला. ‘सब ठीक’ सोडून दुसरा रिपोर्ट असतोय व्हय ताई?"

"मला वाटलं, डोंगराळ मुलूख दावलाय," नानासो म्हनालं. "मेढ्याकडचा."

"मला वाटलं, मानेची परेड हाय," कृष्णात म्हनालं.

"आन् तुमी, आबा? तुमी तर खेळून बगितलं!"

सुभेदारांनी पायाकडं बगितलं. "पोरी, तू रोज कामावरनं येऊन डोळं फोडत हुतीस. तुला कुठल्या तोंडानं सांगू, तुजी मेंढरं उलटी हायती म्हनून? म्हनलं, मानच जरा वळवू. सराव झाला की दिसतंय नीट."

"आन् मी उशी पिंजली ती?" म्या म्हनलं. "विटंचा शेक? पातेलंभर काढा?"

"काढा लय कडू हुता, वैनी," नानासो बारीक आवाजात म्हनालं.

संयोगितानं कपाळावर हात मारून घेतला. तिच्या लॅपटॉपवर चित्र सरळच यायचं. ह्या जुन्या यंत्राच्या आतली चित्र काढायची रीत येगळी, ते खालनं वर रंगवत जातं म्हनं. "एका ओळीचं काम हुतं," ती म्हनाली. "पहिल्या दिवशी कुनी एक शबूद बोललं असतं तर तवाच झालं असतं. आता थांबा, मी करते नीट."

"झालं!" आप्पासो लॅपटॉप मिटत म्हनालं. "परत यंत्राचंच निमित्त. चल ग हरणा, साडेतीनची गाडी गावंल."

त्येवढ्यात सुभेदार गरजलं, "मैदानात उतरल्यावर माघार न्हाई! पडदा उलटा करा!"

फौजी मानसं. हुकूम मिळाला की डोकं वापरत न्हाईत, हात वापरत्यात. तिघांनी पडदा उचलला, पाय वर करून उलटा धरला, आन् टेकू म्हनून माजं दोन मोठं डबं आनून दोन्ही बाजूंना लावलं. एकात तांदूळ हुता, एकात ज्वारी. आभाळ वर गेलं, गवत खाली आलं, मेंढरं पायावर आली. सुभेदारांनी मान सरळ केली. करताना कटकन वाजली.

"आता ये!" ह्ये म्हनालं. थेट आप्पासोंना न्हाई, हवेत.

खेळ सुरू झाला. आप्पासोंनी मेंढरं काढली, वढ्याकाठानं घेतली. लांडगा डावीकडनं निघाला. सुभेदारांनी दात खाऊन डावं बटन दाबलं. आन् पडद्यावरचा काठीवाला गडी सुसाट उजवीकडं पळाला.

पडदा फिरवला तशी डावी-उजवी बी फिरलेली. पन ते ह्यांच्या ध्यानात येईल तर ना! लांडगा डावीकडनं यायचा, ह्ये जीव खाऊन डावं दाबायचं, आन् त्यो गडी काठी टाकायची बाकी, लांडग्याला पाठ दावून पळतोय पळतोय.

"मी पळत न्हाई!" सुभेदार वरडलं. "मी त्येच्या अंगावर चाललोय!"

"दिसतंय की," हरणाबाई म्हनाली. "लांडगा एक कोस मागं ऱ्हायला."

एक मेंढरू गेलं. दुसरं गेलं. लांडग्यांनी पंगत मांडली. सुभेदारांच्या कपाळावर घाम, बोट पांढरंफटक पडलं दाबून, आन् पडद्यावर त्यांचा गडी पार डोंगर चढून पळालेला. मला बगवंना. इतक्या वर्सांची फौज, आन् ज्या शबदानं ह्यांचं काळीज फाटलं त्योच शबूद समद्यांच्या देखत पडद्यावर नाचतोय. म्या देवाला म्हनलं, हसू नगंस बाबा, मी बगतीया तुज्याकडं.

शेवटचं कोकरू गेलं. आप्पासो उठलं. मला वाटलं, आता पायतान घालत्यात. पन ते आमच्या सुभेदारांच्या खुर्चीमागं आलं आन् त्यांच्या हाताकडं बगत ऱ्हायलं. हात अजून डावंच दाबत हुता.

"हात लांडग्याकडं," आप्पासो सावकाश म्हनालं. "मानूस तिकडं." मंग त्यांच्या ध्यानात आलं. "म्हंजे त्या दिवशी बी खरंच यंत्रच गेलं हुतं व्हय रं?"

सुभेदारांनी बटनावरनं हात काढला. आप्पासोंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आता वैनी मधी न्हाई, कुनी न्हाई.

"हंबीर. बरा हायस का रं?"

"सब..." सुभेदार म्हनालं. मागं तिन्ही जवानांनी सवयीनं टाचा जुळवल्या. आन् ह्ये थांबलं.

"न्हाई," ह्ये म्हनालं. "ठीक न्हाई रं आप्पा. पळपुट्या म्हनलास ते लय लागलं. झोप लागत न्हाई. आन् सांज सरत न्हाई गड्या. डबं मोजतो मी."

नानासोंनी टोपी काढून डोळ्याला लावली. आप्पासोंनी सोताच्या टावेलात नाक शिंकरलं.

"मला बी ठीक न्हाई," म्हनालं. "चुकलं माजं. तिकडं मी मेंढरास्नी शिव्या देत बसतोय."

"देत्यात," हरणाबाई म्हनाली. "खऱ्याखुऱ्या मेंढरास्नी. दूध आटलं त्यांचं."

आन् मंग दोघं बी हसाया लागलं. मी मात्र आत गेले आन् पदर तोंडात धरून रडले. बरं वाटलं म्हनून रडले, आन् राग आला म्हनून बी रडले. आवं, आख्खा संसार गेला मी इचारतीया, कसं हाय, काय हुतंय. मला आपलं ‘सब ठीक है’. आन् ह्या कवठे महांकाळच्या गड्यानं एकदा इचारलं, तर पोतं उसवल्यागत समदं बाहीर!

आमी जेवंपातूर संयोगितानं ती एक ओळ बदलली. डबं मागं ठेवलं, पडदा पायावर उभा केला, मेंढरं सरळ, डावीकडं दाबलं की डावीकडं. दोघं गडी शेजारी शेजारी बसून सांजंची गाडी जायाची येळ हुईपातूर खेळलं. फोन न्हाई, तरी तेवढंच वरडलं.

दुरुस्त केलेला खेळ अमृतला धाडताना संयोगिता म्हनाली, "आबा, आता ह्येच्यात अजून काय चुका असतील त्या सांगा. जे दिसंल ते. लाजायचं न्हाई." सुभेदारांनी जवानांकडं बगितलं. "ऐकलं? आजपासनं खरा रिपोर्ट. हुकूम हाय."

हुकूमच दिला म्हनल्यावर काय! बांध फुटला.

"साब, लांडग्याचा आवाज येत न्हाई," कृष्णात म्हनालं.

"साब, वढ्यातलं पानी गुलाबी हाय," सिद्धू म्हनालं.

"साब," नानासो म्हनालं, "वैनीच्या च्यात आलं लय असतंय. पहिल्या दिवसापासनं."

"भज्यात मीठ न्हाई."

"बिस्किटं मऊ पडल्यात."

"खेळाचं सांगा!" मी वरडले. "न्हाईतर परत काढा करीन!" तिघं बी सावधानमधी गेलं आन् एका सुरात म्हनालं, सब ठीक है.

आता लिनक्सवरचा ‘कळप’ नेटवर हाय, ज्येला पायजे त्येनं घ्यावा. संयोगिता म्हनती, कुटल्या कुटल्या मुलखातली मानसं खेळत्यात. आमच्याकडं सांज झाली की परत मुडदा पडल्यागत वरड हुते. माजं डबं माज्या मनासारकं अस्ताव्यस्त हायती. ह्यांची मान बी म्होरल्या आठवड्यात जाग्यावर आली.

तवा एक दिस जेवन झाल्यावर, ताट उचलता उचलता म्या इचारलंच.

"ओ सुभेदार. समद्यांनी रिपोर्ट दिला. आमच्या संसाराचा कोन देनार? खरा द्या. हुकूम हाय माजा."

ह्ये हात धुऊन आलं. अंगरखा नीट केला, टाचा जुळवल्या.

"सब ठीक है," म्हनालं.

मी त्यांच्या तोंडाकडं बगितलंच न्हाई. मानेकडं बगितलं. सरळ हुती.